वादात उतरण्याआधी नियम हातात घे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या वादस्पर्धेत तुला ‘मुक्त बाजार विरुद्ध सरकारी नियमन’ हा विषय मिळालाय. एवढ्या मोठ्या शब्दांवर वाद घालत बसू नकोस. पहिल्याच मिनिटाला विचार: कुठला नियम, कोणत्या सालचा, कोणी केलेला आणि त्याने नेमकं काय बांधलं? हे चार तपशील मागितले की निम्मी भाषणं तिथेच कोसळतात. त्यात आपलंही एखादं असतं, म्हणून आधी स्वतःलाच विचारायचं.

विमानांपासून सुरुवात कर. 1938 च्या कायद्यापासून कुठल्या कंपनीने कुठल्या मार्गावर उडायचं आणि तिकीट किती लावायचं, हे सरकार ठरवत होतं. 1978 च्या कायद्याने तो अधिकार काढून घेतला आणि ते काम करणारं नागरी विमान मंडळ 1984 अखेर बंदच झालं. कायद्यावर सही राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची. सिनेटमध्ये रेटा टेड केनेडींचा. दोघेही डेमोक्रॅट. उलट पर्यावरण संरक्षण संस्था उभी राहिली 1970 मध्ये, रिपब्लिकन निक्सन यांच्या कारकिर्दीत, आणि 1971 मध्ये भाव आणि मजुरी गोठवणारेही तेच. तेव्हा पक्षाचं नाव ऐकून बाजू ओळखायची सवय सोड.

याच उदाहरणात आणखी दोन खाचा आहेत. एक, मोकळीक मिळाली ती दर आणि मार्गांना. सुरक्षेची तपासणी सरकारकडेच राहिली. ‘विमानांवरचे नियम उठवले, काही बिघडलं नाही, मग औषधांवरचेही उठवा’ असं कोणी म्हणालं की ही खाच दाखव. दुसरी, तू बाजाराच्या बाजूने बोलणार असशील तर ‘1978 नंतर भाडी उतरली’ एवढंच म्हणू नकोस. जेट विमानं आल्यापासून, महागाई वजा केली तर, भाडी आधीच उतरत होती. कायद्याचं श्रेय त्यापुढच्या उतारापुरतं.

आता कॅलिफोर्नियाची वीज. हे प्रकरण नीट बसवलंस तर अर्धी तयारी झाली, कारण दोन्ही बाजू ते आपापल्या पुराव्यात वापरतात. 1996 मध्ये तिथल्या विधिमंडळाने वीजसुधारणेचा कायदा एकही विरोधी मत न पडता मंजूर केला. घाऊक बाजार मोकळा झाला. किरकोळ दर मात्र गोठवले, घरगुती आणि छोट्या ग्राहकांचे तर दहा टक्के उतरवून. मोठ्या वीज कंपन्यांनी आपली गॅसवर चालणारी केंद्रं बरीचशी विकून टाकली आणि लागणारी वीज नव्या वीज बाजारातून रोजच्या भावाने घ्यायची, असं ठरलं. लांब मुदतीचे करार करायला फारसा वावच ठेवला नाही.

1999 मध्ये घाऊक भाव मेगावॉट-तासाला सरासरी 30 डॉलरच्या आसपास होता. डिसेंबर 2000 मध्ये तो 300 च्या वर गेला. मधल्या काळात वायव्येकडे पाऊस कमी पडून जलविद्युत आटली होती, नैसर्गिक वायू महागला होता. घेताना भाव मोकळा आणि विकताना गोठलेला, मग व्हायचं ते झालं: जानेवारी 2001 मध्ये राज्यात भारनियमन, आणि 6 एप्रिलला पीजी अँड ई या कंपनीचा दिवाळखोरीचा अर्ज. लॉस एंजेलिस शहराची पालिकेची वीज यंत्रणा या नव्या बाजारात उतरलीच नव्हती. तिथे दिवे गेले नाहीत.

आता यातला कुठला भाग कोणाचा? बाजारवाला म्हणेल, किरकोळ दर गोठवल्यामुळे लोकांना काटकसर करायचं कारण उरलं नाही. खरं आहे. नियमनवाला म्हणेल, वीज तेव्हा मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नव्हती. टंचाईच्या वेळी एखाद्या उत्पादकाने एक केंद्र ‘दुरुस्तीला’ बंद ठेवलं तरी बाकी सगळ्या विजेचा भाव चढतो, आणि त्याच्याच उरलेल्या केंद्रांचा फायदा होतो. हेही खरं. एन्रॉनचे व्यापारी तर राज्यातली वीज विकत घेऊन बाहेर पाठवत आणि तीच परत आत आणून विकत, कारण दराची मर्यादा राज्यातल्या विजेला होती, बाहेरून येणारीला नव्हती. या क्लृप्त्यांची टिपणं 2002 मध्ये संघीय ऊर्जा आयोगाने उघड केली. म्हणजे मर्यादा होती, पण भोकाची. जून 2001 मध्ये पश्चिमेकडच्या सगळ्या राज्यांना मिळून एकच मर्यादा लागू झाली तेव्हा ही पळवाट बुजली. तोवर वायूही उतरू लागला होता आणि राज्य सरकारने स्वतः लांब मुदतीचे करार केले होते, म्हणून सगळं श्रेय एकट्या मर्यादेला देऊ नकोस.

एन्रॉन म्हटलं की आपल्या लोकांच्या तोंडी दाभोळ येणारच. त्याची इथे सरमिसळ करू नकोस. दाभोळला वीज मंडळ हे एकच गिऱ्हाईक होतं, लांब मुदतीच्या महागड्या कराराने बांधलेलं. कॅलिफोर्नियातलं दुखणं बरोबर उलटं, करारच नसण्याचं.

2008 च्या आर्थिक संकटावर दोन घिसीपिटी वाक्यं हमखास येतील. डावीकडून: ‘1999 मध्ये ग्लास-स्टीगल कायदा मोडला म्हणून बँका बुडाल्या.’ पण बेअर स्टर्न्स आणि लेहमन या निव्वळ गुंतवणूक बँका होत्या. ठेवींची बँक आणि गुंतवणूक बँक एका छताखाली नको, हा त्या कायद्याचा मुद्दा त्यांना लागूच पडत नाही. त्यापेक्षा डिसेंबर 2000 चा कायदा काढ, ज्याने बाजाराबाहेर परस्पर होणारे डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर बेतलेल्या करारांचे, बहुतेक व्यवहार देखरेखीतून वगळले. एआयजी या विमा कंपनीची गोष्ट तिथे लागते. उजवीकडून येईल: ‘गरिबांना कर्ज द्या असं सांगणाऱ्या 1977 च्या कायद्याने सगळं बुडवलं.’ फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या पडताळणीत चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी जेमतेम 6 टक्के कर्जं त्या कायद्याच्या कक्षेत बसणारी निघाली. तुझी बाजू कुठलीही असो, दोन्ही खोडून काढता यायला हवीत.

एखाद्या चालू नियमावर बोलायचं असेल तर बातमी वाचून बोलू नकोस. फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात मूळ मसुदा असतो, त्याला जोडून खर्च-लाभाचा हिशेब असतो. रेगन यांच्या 1981 च्या आणि क्लिंटन यांच्या 1993 च्या आदेशांनी, वर्षाला 10 कोटी डॉलरच्या वर परिणाम करणाऱ्या नियमांना तो हिशेब बंधनकारक केला. त्यात आधी सूट-दर शोध, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना दरवर्षी किती टक्के कापायचे तो दर. तीस वर्षांनी मिळणाऱ्या 100 डॉलरच्या लाभाची आजची किंमत 3 टक्क्यांनी 41 डॉलर होते, 7 टक्क्यांनी 13. नियम तोच, लाभ तोच, आणि निकाल उलटा. राजकारणी ‘या नियमाने अब्जावधींचं नुकसान’ म्हणतात तेव्हा हा दर सहसा सांगत नाहीत. पाठोपाठ नियमाच्या मसुद्यावर आलेल्या हरकती वाच आणि मोठ्या कंपन्या कुठल्या बाजूला आहेत ते बघ. 2009 मध्ये तंबाखूवर सरकारी अंकुश आणणाऱ्या कायद्याला फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने पाठिंबा दिला आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी विरोध केला. जाहिरातींवर बंधनं आली की ज्याचा ब्रँड आधीच जमलेला आहे, त्याचं फावतं.

खरेपणाबद्दल. अमेरिकेत राजकीय खोटं बोलणं बहुतांशी गुन्हा नाही. 1934 च्या दळणवळण कायद्याचं कलम 315 तर म्हणतं की टीव्ही-रेडिओ केंद्राने उमेदवाराची जाहिरात घेतली तर तिच्यातल्या मजकुराला कात्री लावता येत नाही, मग ती खोटी का असेना. बाहेरच्या गटांच्या जाहिराती मात्र केंद्र नाकारू शकतं. म्हणून विधान कुठे केलंय याची नोंद ठेव: जाहिरातीत, सभागृहातल्या भाषणात, की समितीपुढे शपथेवर. माझ्या मते शपथेवरचं एक वाक्य भाषणातल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त कामाचं. ऑक्टोबर 2008 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे फेडरल रिझर्व्हचे माजी अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी आपल्या विचारसरणीत दोष आढळल्याचं मान्य केलं. ते उद्धृत करायचं तर अख्खा परिच्छेद वाचून कर.

खोटं आणि चुकीचं यांत फरक ठेव. ‘तुमची विमा योजना आवडत असेल तर ती तुमच्याकडेच राहील’ हे आरोग्यविमा सुधारणेबद्दलचं ओबामांचं वाक्य 2013 मध्ये पॉलिटिफॅक्ट या तथ्य तपासणाऱ्या संस्थेने वर्षातलं सर्वांत मोठं असत्य ठरवलं. त्याच तपासणी संस्थेने 2010 मध्ये तोच मान, त्याच सुधारणेला ‘आरोग्यसेवेचा सरकारी ताबा’ म्हणणाऱ्या विरोधकांना दिला होता. मंचावर ‘ते खोटं बोलले’ म्हणालीस की हेतू सिद्ध करायचा भार तुझ्यावर येतो. ‘हे विधान या आकड्याशी जुळत नाही’ म्हणालीस की उत्तर द्यायचा भार समोरच्यावर जातो.

मसुदा पाठवशील तेव्हा प्रत्येक दाव्यासमोर मूळ कागदाचं पान आणि साल लिही. आणि शेवटी एक वेगळा कागद जोड: समोरच्याच्या बाजूचे सर्वांत भक्कम तीन मुद्दे, तुझ्या शब्दांत, त्याला ऐकवले तर तो ‘हो, हेच म्हणायचंय’ म्हणेल असे. मी आधी तो कागद वाचेन.

सप्रेम,
तुझा मार्गदर्शक