खाडा

प्रिय चिकू,

रविवारच्या मराठी शाळेतल्या बाईंनी सांगितलंय, की घरी मराठी रीतीभातीबद्दल एक प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तर आईबाबांकडून पत्रात लिहून आणा. बाकीच्या मुलांनी गुढी का उभारतात, तिळगूळ का देतात असं काहीतरी विचारलं असणार. तू वहीत लिहिलंस: "जानेवारीत पुण्यात आई एका बंद शटरसमोर रडली. ती म्हणाली ही माझी मेस. मेस म्हणजे पसारा. पसाऱ्यासाठी कोण रडतं? आणि कोविडमध्ये रेस्टॉरंट तर इथेही बंद झाली."

आधी एक दुरुस्ती. मी रडले नाही. सदाशिव पेठेत धूळ फार असते.

आता मेस. सैनिक एकत्र बसून जेवतात त्या जागेला मेस म्हणतात ना, तीच ही मेस, पसारा नव्हे. आपला जुना शब्द खानावळ. आणि ही गोष्ट हॉटेलपेक्षा वेगळी. (हो, मराठीत हॉटेल म्हणजे जेवायची जागा. आजी म्हणाली होती "काल हॉटेलात जेवलो", तेव्हा तू तिला "मग झोपलात कुठे?" विचारलं होतंस, ते ती अजून सगळ्यांना सांगते.) हॉटेलात माणूस जातो. मेसला नुसतं जात नाहीत, मेस 'लावतात'. दूध लावतात, पेपर लावतात, शिकवणी लावतात, तशी मेस लावायची. एक तारखेला महिन्याचे पैसे द्यायचे आणि मग महिनाभर दोन्ही वेळचं जेवण तिथे. मेन्यू कार्ड नाही. जे केलंय ते वाढतात, आवडलं नाही तरी जेवायचं.

मी १९९८ साली शिकायला पुण्यात आले तेव्हा वसतिगृहातल्या मुलींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मेस कुठली लावणार?" आमची मेस एका वाड्यात, पहिल्या मजल्यावर. खाली जिन्यापाशी चपलांचा ढीग. त्या ढिगाकडे बघून वर किती गर्दी आहे ते कळायचं. वर दोन खोल्या, लांब बाकं, कप्पे पाडलेली स्टीलची ताटं. फ्लॉवर-बटाटा आठवड्यातून तीनदा. आमटीत डाळ शोधावी लागायची. पोळ्यांना एक बाई वेगळ्या होत्या, त्यांच्या पोळ्या मात्र अशा की त्यांच्या जिवावर आमटी माफ. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे श्रीखंड-पुरी आणि मसालेभात, आणि संध्याकाळी मेस बंद. त्यामुळे रविवारी दुपारी मुलं असं जेवायची की रात्री भूक लागूच नये.

मेस चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणायचे. दारापाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि मांडीवर उभ्या रेघांची वही. त्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तारखांच्या चौकटी. जेवलात की तिरकी रेघ. आणि कोणी गावाला जाणार असेल तर त्या दिवसांपुढे शून्य. त्या शून्याला म्हणतात खाडा. खाडा धरला की त्या दिवसाचे पैसे वळते होतात. पण खाडा आदल्या संध्याकाळी सांगायचा, आणि तोसुद्धा सलग तीन दिवसांचा असेल तरच. एका वेळचा खाडा नाही. हे सगळं भिंतीवर पाटी करून लिहिलेलं होतं, "ताटात अन्न टाकू नये"च्या खाली.

तुला वाटेल किती कटकट. पण विचार कर. काकूंना सकाळी मंडईत जायच्या आधी माहीत हवं, आज किती पानं. (जेवणाऱ्या माणसाला तिथे 'पान' म्हणतात. "आज साठ पानं आहेत." हा केळीच्या पानाच्या काळातला शब्द, ताटं आली तरी टिकला.) साठ पानं म्हणजे कणीक किती, भाजी किती, हे ठरलेलं. दहा जण न सांगता आले नाहीत, तर तेवढ्या पोळ्या वाया. एका ताटामागे सुटणारे पैसे इतके थोडे, की महिन्याची कमाई त्या उरलेल्या पोळ्यांतच जायची.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मला ताप आला. दोन दिवस मी खोलीतून हलले नाही. तेव्हा आमच्याकडे मोबाइल नव्हते आणि खाडा सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसमधला वाढपी मुलगा वसतिगृहाच्या दाराशी हजर, हातात दोन पुडांचा डबा. वरच्या पुडात मऊ भात, खालच्यात लिंबाचं गोड लोणचं आणि मेतकूट. वॉचमनला म्हणाला, "त्या चष्मेवाल्या ताईंना द्या, दोन दिवस आल्या नाहीत." माझं नाव त्याला माहीत नव्हतं. वहीतली रिकामी चौकट काकूंना दिसली होती.

बरी झाल्यावर मी मेसवर गेले आणि आभार मानले. काकू म्हणाल्या, "डब्याचे पैसे नकोत." मग वही उघडून दाखवली. त्या दोन दिवसांपुढे तिरक्या रेघा. "पण खाडा सांगितला नव्हता, तो धरलेला नाही." डबा फुकट, आणि न जेवलेल्या दोन दिवसांचे पैसे घेतलेले. पुण्याचं माणूस तुला कधी समजून घ्यायचं असेल, तर एवढं पुरेसं आहे.

खानावळ ही काही पुण्याची मक्तेदारी नव्हे. मुंबईच्या गिरणगावात कापडगिरण्या होत्या. कोकण-घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे, बायकामुलं गावाला. त्यांचं जेवण आजूबाजूच्या बाया आपापल्या घरात रांधायच्या, वीस-पंचवीस जणांचं, आणि पैसे पगाराच्या दिवशी. तोवर वाणसामान उधारीवर, सावकाराच्या व्याजाने. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पण जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, पुढे बऱ्याचशा गिरण्याच राहिल्या नाहीत. पगार थांबला तशी कामगारांनी गावाची वाट धरली. बायांच्या हातची चव बिघडली नव्हती की शेजारी दुसरं दुकान निघालं नव्हतं. जेवणारेच गेले.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आपल्या कोपऱ्यावरचं फो (व्हिएतनामी नूडल्सचं सूप) मिळायचं ते दुकान २०२० मध्ये बंद झालं, तू तेव्हा लहान होतास पण ते नूडल्स तुला आठवतात. मलाही वाईट वाटलं. पण त्या दुकानाचे आपण कोणीच नव्हतो. उद्या दुसरं कोणी आलं असतं तरी ते चाललं असतं. मेसचं तसं नसतं. तिची माणसं ठरलेली. ती गेली की मेस रस्त्यावरून दुसरी माणसं आणू शकत नाही.

पुण्यात ती एकदमच गेली. महाराष्ट्रातले पहिले कोविडचे रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले. आठवड्याभरात कॉलेजं बंद. पेठांमधल्या मेस ज्यांच्यावर चालायच्या ती मुलं, म्हणजे लातूर, बीड, जळगावहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली, बॅगा भरून निघाली. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा जी अडकली होती ती खोल्यांत बिस्किटं खाऊन बसली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती, ती पुढे गेली. मग परत पुढे. मग परत. प्रत्येक तारखेला मेसवाल्यांना वाटायचं, आता मुलं येतील. ५ ऑक्टोबरला हॉटेलं उघडायला परवानगी मिळाली, पण निम्म्याच माणसांना बसवायचं. मोठं हॉटेल निम्म्या टेबलांवर कसंबसं तग धरतं. साठाची तीस पानं झाली की मेसच्या हाती काही उरत नाही, भाडं मात्र तेवढंच. २०२१ च्या मार्चमध्ये परीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुन्हा पुढे ढकलली, तेव्हा ती मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली होती. परीक्षा शेवटी २१ मार्चला झाली, आणि एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा फक्त पार्सल. पार्सल द्यायचं कोणाला? ज्यांना द्यायचं ते आपापल्या गावी आईच्या हातचं जेवत होते.

आपल्या काकूंच्या मेसचं नेमकं काय झालं ते मला या जानेवारीतच कळलं. शटरवर त्यांच्या मुलाचा फोन नंबर होता, "पोळ्या ऑर्डरप्रमाणे मिळतील" या ओळीखाली. तुम्ही गाडीत बसला होतात तेव्हा मी तो लावला. मेस आता वाड्यात नव्हतीच, वाडा पाडायला काढल्यावर एका गाळ्यात आली होती, आणि तो गाळा २०२१ मध्ये सोडला. काकू आता थकल्यात, ऐकू कमी येतं. मुलाने एक गोष्ट सांगितली. मार्च २०२० ची वही त्यांनी ठेवली आहे. सतरा तारखेनंतर सगळ्या नावांपुढे शून्य. कोणीही खाडा सांगितला नव्हता, सांगायला वेळच कुठे होता. काकूंनी स्वतः बसून सगळ्यांचा खाडा धरला आणि मुलाला म्हणाल्या, उरलेल्या दिवसांचे पैसे परत पाठव. त्याने एकेकाचा नंबर शोधून पाठवले. "आईने आयुष्यात पहिल्यांदा न सांगितलेला खाडा धरला," तो म्हणाला. धूळ तेव्हाच डोळ्यात गेली.

सगळं महामारीच्या माथी मारू नये, हेही खरं. डेक्कनवरचं लकी आणि कॅम्पातलं नाझ ही इराणी हॉटेलं त्याच्या कितीतरी आधी गेली. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार १९६४ पासून होतं, तेही २०१५ मध्ये बंद झालं. आणि खानावळींचं सगळंच काही गोड नव्हतं. पूर्वी कित्येक खानावळींच्या पाट्यांवर जात लिहिलेली असायची आणि दारात ती विचारायचे. आजीच्या तरुणपणी एकट्या बाईने हॉटेलात बसून खाणं म्हणजे चर्चेचा विषय. आता तीच आजी फोनवरून थालीपीठ मागवते आणि डिलिव्हरीवाला कुठे पोचलाय ते नकाशावर बघत बसते, मजेत असते. मला त्यात काही गैर वाटत नाही. गुडघे दुखत असताना तिने तव्यासमोर का उभं राहावं?

फक्त त्या नव्या व्यवस्थेत मेस बसत नाही. अ‍ॅपवाले ऑर्डरमागे टक्केवारी घेतात, साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त. वर डब्याचं प्लास्टिक. मेसच्या ताटात एवढी जागाच नसते. मुलं पुण्यात परत आली, मेसही थोड्या उघडल्या, पण बरेच जण आता ज्या दिवशी जे वाटेल ते मागवतात, खोलीत मोबाइलसमोर जेवतात. काकूंच्या त्या गल्लीत तू शेजारी पाहिलंस ना, हेल्मेट घालून मुलं उभी होती? तिथे आत एकच भटारखाना आहे. फोनवर त्याची तीन नावं दिसतात: एक बिर्याणीचं, एक पराठ्यांचं, एक 'घरच्या जेवणाचं'. मी त्या शेवटच्यातून मागवलं. आमटीत डाळ होती, पोळी मऊ होती, काकूंच्या मेसपेक्षा नक्कीच चांगलं. दोन दिवस मागवलं नाही तेव्हा फोनवर संदेश आला, "आम्हाला तुमची आठवण येते! वीस टक्के सूट." मी बाबाला दाखवला. तो म्हणाला, "बघ, तुझा खाडा त्यांनाही कळला." त्याला असं बोलायची सवय आहे.

तर हे उत्तर. बाईंनी एक पान सांगितलं होतं, हे बरंच वाढलं, त्यांना सांग आई पुण्यात शिकलेली आहे.

आणि एक राहिलंच. गेल्या बुधवारी तू न सांगता मित्राकडे जेवून आलास. तुझ्या वाटणीच्या चार पोळ्या उरल्या, गुरुवारच्या डब्यातली फोडणीची पोळी ती हीच. या शनिवारी त्याचा वाढदिवस आहे म्हणे. जेवायला घरी असशील की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांग.

तुझी,
आई