बार्ज घेण्याआधी ती पाण्याबाहेर काढून बघा

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि पहाटेपर्यंत डोक्यातून गेली नाही. मिस्टरांना इंग्लंडमध्ये रेडिंगला नोकरी लागली, तिथली घरभाडी परवडत नाहीत, म्हणून जुळे सोलापूरचा फ्लॅट विकून १९२० च्या सुमारास बांधलेली डच बार्ज, म्हणजे हॉलंडची जुनी मालवाहू बोट, घ्यायची आणि तिच्यावरच राहायचं. विकणारा म्हणतो सेफ्टी सर्टिफिकेट ताजं आहे, बुडाचे फोटोही पाठवलेत, मग बुडाचा वेगळा सर्व्हे कशाला? २०१५ साली आम्ही दोघं हाच प्रश्न घेऊन बसलो होतो आणि सर्व्हेचे पैसे वाचवले. चार वर्षं तिथल्या थेम्स नदीवर बोटीत राहून २०१९ मध्ये सोलापूरला परत आलो, त्यातली दोन वर्षं त्या एका निर्णयाची भरपाई करण्यात गेली.

बोटीवर राहणं जमेल का, याची काळजी करू नका. जिने चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावर घर चालवलंय, तिला टाकीतलं पाणी पुरवून वापरायला कोणी शिकवावं लागत नाही. संडासाची कॅसेट (हाताने काढून रिकामी करायची टाकी), शेगडीचा कोळसा, अरुंद जिना, सगळ्याची महिन्याभरात सवय होते. मी बोलणार आहे ते बुडाच्या पत्र्याबद्दल.

ते सर्टिफिकेट बोटीच्या बुडाबद्दल एक अक्षरही सांगत नाही. बोट सेफ्टी स्कीमची तपासणी गॅसची जोडणी, डिझेलची टाकी, वायरिंग, आग, हवा खेळती आहे का, एवढ्यापुरती असते. तुमच्या बोटीमुळे शेजारच्याला धोका होऊ नये हा तिचा हेतू. सर्टिफिकेट चार वर्षं चालतं आणि त्या चार वर्षांत खालचा पत्रा कागदासारखा झाला तरी त्याचा तिथे उल्लेख येणार नाही. आम्ही मात्र ते गाडीच्या फिटनेससारखं समजलो. दलालाने आमचा गैरसमज दूर केला नाही.

आता फोटोंबद्दल. आम्हालाही फोटो आले होते. बूड काळ्या डांबरी रंगाने चकचकीत, आणि त्यावर जस्ताच्या वड्या नव्यासारख्या कोऱ्या. दलाल म्हणाला, बघा, वड्या झिजल्यासुद्धा नाहीत, म्हणजे बोट किती जपली आहे. आम्ही खूश झालो. या वड्या झिजण्यासाठीच लावलेल्या असतात हो! त्या स्वतः गंजून पत्र्याला वाचवतात. जस्त समुद्राच्या खाऱ्या पाण्यात काम करतं. नदीच्या गोड्या पाण्यात त्यावर थर धरतो आणि ते गप्प बसतं, म्हणून तिथे मॅग्नेशियमच्या वड्या लागतात. वडी कोरी होती, कारण तिच्या वाटणीचं झिजणं पत्र्याने सोसलं होतं. तुमच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात मला तशीच कोरी वडी दिसतेय. ती कशाची आहे हे विचारून घ्या. पुढचं सगळं मी त्या एका वडीपायी लिहितेय.

दुसरं कारण विजेचं. धक्क्यावरून वीज घेतली की अर्थिंगच्या वायरमधून तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींना जोडली जाते आणि पाण्यात एक मोठी बॅटरीच तयार होते. त्या वायरमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे हा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण, नसेल तर तुमचा पत्रा दिवसरात्र विरघळत राहतो. आमच्या बोटीत आधीच्या मालकाने तो बसवला नव्हता, आणि आम्हाला असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं.

तिसरं, आतून बघून काही कळत नाही. माल वाहणारी बार्ज घर केली की ती हलकी होते, म्हणून तळाशी वजन भरतात. आमच्यात सिमेंटच्या लाद्या होत्या, शहाबादी फरशीएवढ्या. त्यांच्याखाली पाणी साठून पत्रा आतूनही गंजत होता.

माझे वडील इथल्या गिरणीत फिटर होते. फोनवर त्यांनी एकच विचारलं होतं, "पत्रा ठोकून बघितलात का?" मी म्हणाले, बाबा, तिथे सर्टिफिकेट असतं. सर्व्हेअर हेच करतात, ताई. हातोडीने ठोकून आवाज ऐकतात आणि अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजतात. बोट क्रेनने उचलण्याचे आणि सर्व्हेचे मिळून हजारेक पाउंड आम्ही वाचवले.

२०१७ मध्ये विमा कंपनीने सर्व्हे मागितला. मूळचा ६ मिलिमीटरचा पत्रा काही ठिकाणी २.६ निघाला. ४ च्या खाली गेलं की बहुतेक विमा कंपन्या पूर्ण विमा द्यायला तयार होत नाहीत. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चढवा, हा उपाय ऐकायला सोपा वाटतो. ६ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ४७ किलो भरतो. आमच्या बुडासाठी सुमारे तीन टन वजन वाढलं, बोट पाण्यात आणखी खाली बसली, आतल्या लाद्या काढून तोल परत साधावा लागला. वर ही जुनी बोट रिव्हेटची, म्हणजे लोखंडी खिळे ठोकून पत्रे जोडलेली, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे रिव्हेट सैल होऊन ठिबकायला लागले, ते वेगळं. बिल १४ हजार पाउंड. सात आठवडे बोट यार्डात आणि आम्ही दोघं एका ओळखीच्या कुटुंबाच्या हॉलमध्ये. तो हिवाळा मला अजून आठवतो.

आमची बोट जिथे बांधलेली असायची, त्या बोटींच्या तळावरच्या ऑफिसबद्दलही सांगते, नाव घेणार नाही. तोंडी म्हणाले, "राहा खुशाल, सगळेच राहतात." करारात लिहिलं होतं की जागा फिरण्याच्या बोटीसाठी आहे, कायम राहण्यासाठी नाही. पुढे बँकेसाठी पत्त्याचा पुरावा लागला तेव्हा याच लोकांनी आम्ही तिथे राहतो हे लिहून द्यायला नकार दिला. तीन महिने मी त्या खिडकीसमोर उभी राहिले. निवासाची परवानगी असलेलं मुरिंग (बोट बांधायची जागा) हवं, आणि ते करारात त्याच शब्दांत लिहिलेलं हवं. बाकी, डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नसतो. कुणी अडवलं तर हे ठामपणे सांगा.

मी इंजिनियर नाही, वकीलही नाही. नियम बदलतात, तेव्हा तिथे खात्री करून घ्या. पण माझं मत विचाराल तर फ्लॅट विकू नका. भाड्याने द्या. बोटीची किंमत घरासारखी वाढत नाही आणि परत यायचं ठरलं तर इथे छप्पर हवं. पैसे कमी पडत असतील तर लहान आणि अलीकडची बोट घ्या. शंभर वर्षांच्या बार्जच्या लाकडी केबिनवर माझाही जीव जडला होता, म्हणूनच बजावतेय.

सुचेल तसं आणखी थोडं. सिलिंडर प्रोपेनचाच घ्या. ब्युटेन थंडीत, शून्याच्या आसपास, गॅस द्यायचं थांबतो आणि चहाही होत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २०१९ पासून सक्तीचा आहे. शेगडीच्या खोलीत एक आणि झोपायच्या खोलीत एक लावा, शेगडी विझत आली तरी धोका असतो. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी हवी, नाहीतर ओल धरून बुरशी येते. सोलापुरी चादरी न्या, पण तिथे दोरीवर वाळत नाहीत, शेगडीजवळ घालाव्या लागतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर न्या. पूर आला आणि लॉकवर (नदीतल्या बोटी चढवण्या-उतरवण्याच्या दरवाज्यांवर) लाल पाटी लागली की बोट हलवायची नसते, तेव्हा आठवडा-आठवडा दुकान लांब पडतं. पुरात दोर थोडे सैल ठेवा, आणि पाणी उतरताना बोट काठावर चढून बसणार नाही याकडे रात्रीसुद्धा उठून बघा.

सर्व्हेअर तुम्ही निवडा, दलालाने सुचवलेला घेऊ नका. अहवाल आला की जाडीचे आकडे इथे टाका, तळाचे वेगळे आणि पाण्याच्या रेषेजवळचे वेगळे. मी वाट बघते.