खुर्चीत बसूनही घाम येतो : व्यायामाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे : 'व्यायाम करा' असं डॉक्टर सांगतात, पण तो आमच्या शरीराने कसा करायचा हे कुणी सांगत नाही. म्हणून उत्तरं जरा तपशिलात दिली आहेत.

प्रश्न : वय ३४. तीन वर्षांपूर्वी अपघातात मणक्याला मार लागला (डी-१०, म्हणजे पाठीचा दहावा मणका). कमरेखाली संवेदना नाही, व्हीलचेअर वापरतो. हल्ली दोन्ही खांदे दुखतात आणि वजनही वाढलंय. जवळच्या जिमवाल्याने 'जबाबदारी कोण घेणार' म्हणून नाही म्हटलं. घरी काय करता येईल? (सोलापूर)

आधी खांद्यांचं बघू, कारण आता तेच तुमचे पायही आहेत. चाकं ढकलताना छातीचे आणि खांद्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू दिवसभर राबतात. पाठीकडचे, दोन फऱ्यांच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या) मधले स्नायू मात्र जवळजवळ रिकामे असतात. त्यामुळे खांदा पुढे ओढला जातो, सांध्यातली जागा कमी होते आणि आतले कंडरे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) घासले जातात. म्हणून ढकलण्याचे व्यायाम सध्या बाजूला ठेवा आणि ओढण्याचे करा.

सायकलची जुनी ट्यूब घ्या. कुठे चीर पडलेली नाही ना, ते ताणून बघा. खिडकीच्या गजाला ती छातीच्या उंचीवर अडकवा. खिडकीकडे तोंड करून खुर्ची उभी करा, दोन्ही ब्रेक लावा आणि ट्यूबची टोकं धरून कोपरं बरगड्यांना घासत मागे न्या. फऱ्या एकमेकींकडे आल्या की मनात तीन अंक मोजा, मग सावकाश सोडा. असे १० वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून तीन फेऱ्या. दुसरा व्यायाम : कोपर अंगाला चिकटवून, काखेखाली टॉवेलची घडी दाबून धरा आणि ट्यूब दोन्ही हातांत धरून फक्त मनगटं बाहेर उघडा. टॉवेल खाली पडला, तर कोपर सुटलं असं समजा. हे दोन्ही आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. डोक्यावर वजन उचलणं दुखणं थांबेपर्यंत नको. चार आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा रात्री दुखण्याने जाग येऊ लागली, तर खांदा तपासून घ्या.

ओढताना खुर्ची पुढे सरकत असेल तर बऱ्याचदा ब्रेक खराब नसतो, चाकात हवा कमी असते. टायर मऊ पडला की ब्रेकचा दांडा त्याला नीट दाबत नाही. हवा कमी असेल तर प्रत्येक ढकलीला जोरही जास्त लागतो, म्हणजे खांद्याच्या दुखण्यात तिचाही वाटा. आठवड्यातून एकदा हवा बघाच. ढकलताना छोटे छोटे झटके देऊ नका. हात मागून पुढे लांब न्या, सोडल्यावर तो चाकाच्या बाहेरच्या, हाताने ढकलायच्या कडीच्या खालून सैल मागे येऊ द्या.

वजन आणि दमासाठी खुर्चीतच मुठी मारा : एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू, असे दहा वेळा. तोल जात असेल तर पोटावरून रुंद पट्टा खुर्चीच्या पाठीला बांधा. मणक्याला इजा झालेल्यांसाठी हृदयाच्या आणि साखरेच्या दृष्टीने आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी किमान ३० मिनिटं असं लक्ष्य धरतात. तिथपर्यंत दोन-तीन महिन्यांत पोचलात तरी चालेल. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागला की जोर बरोबर आहे.

त्वचेकडे दुर्लक्ष झालं तर सगळी मेहनत वाया जाते. दर अर्ध्या तासाने छाती मांड्यांवर टेकेल इतकं पुढे वाका आणि पूर्ण दोन मिनिटं तसेच राहा. हातांवर अंग उचलून दहा सेकंदांत परत बसल्याने दाबलेल्या जागी रक्त पुरतं परतत नाही, आणि खांद्यांवर भार येतो तो वेगळाच. रात्री आरसा धरून बूड बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही.

डी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्या वाचकांसाठी एक इशारा. व्यायाम करताना अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. ताठ बसा, पाय खाली सोडा, कपडे-पट्टे सैल करा आणि लघवीची नळी दुमडली आहे का, पिशवी भरली आहे का ते लगेच बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. काही मिनिटांत उतरलं नाही तर दवाखाना. अशा व्यक्तींना घामही नीट येत नाही, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत व्यायाम सकाळी सातच्या आत उरका आणि ओला पंचा मानेवर ठेवा.

पोहण्याची सोय असेल तर जरूर विचार करा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. तलावाला उतरायला नुसती लोखंडी शिडी असेल तर काठावरून उतरवायला दोन माणसं लागतात. काठावर जाड चटई टाका, नाहीतर फरशीवर घासून जखम होते आणि संवेदना नसल्याने ती कळतही नाही.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू कमजोर. आधाराने चार पावलं चालतात. नातेवाइकांनी रबरी बॉल आणि दारावर लावायची पुली आणून दिली आहे. दिवसभर बॉल दाबत बसतात. बरोबर आहे का? (सातारा)

पुली आजच काढून ठेवा. लकव्याच्या बाजूचा खांदा सैल असतो आणि फरा हाताबरोबर वळत नाही. अशा खांद्याला दोरीने वर खेचलं की आतले कंडरे चिमटतात, आणि मग जे दुखणं सुरू होतं ते महिनोन्महिने जात नाही. त्याच कारणासाठी त्यांना उठवताना उजव्या हाताला धरून ओढू नका. बसलेले असताना तो हात उशीवर टेकलेला असू द्या, लोंबता नको.

बॉलचं म्हणाल, तर या आजारात मूठ मिटणारे स्नायू बहुधा आधीच ताठ झालेले असतात. कमी पडतात ते उघडणारे. त्यापेक्षा टेबलावर पंचा पसरा, त्यावर उजवा तळवा आणि वर डावा हात ठेवा आणि टेबल पुसल्यासारखं पुढे-मागे करायला लावा. पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. चमचा, डबीचं झाकण, कपड्यांचे चिमटे अशा रोजच्या वस्तूंनी हात लवकर कामाला लागतो.

आता एकच व्यायाम करायचा असेल तर तो खुर्चीतून उठण्याचा. संडासला जाणं, पलंगावरून उतरणं, रिक्षात बसणं या सगळ्यांचं मूळ त्यात आहे. हात असलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. उठता येत नसेल तर वर घट्ट घडी केलेली सतरंजी घालून ती ५० पर्यंत न्या. त्यांना बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसवा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, आणि उजवं पाऊल डाव्यापेक्षा चार बोटं आणखी मागे. मग नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईल इतकं वाकायला सांगा आणि तिथून उभं राहायला. बसतानाही सावकाश, धपकन नाही.

उजवं पाऊल मागे का? तसं न केल्यास सगळे जण चांगल्या पायावरच उठतात. उठणं जमतं, पण कमजोर पाय तसाच राहतो आणि काही महिन्यांनी चांगला गुडघा कुरकुरायला लागतो. पाऊल मागे घेतलं की भार त्याच्यावर येतोच. तुम्ही उजव्या बाजूला उभे राहा, एक हात कमरेच्या पट्ट्यावर, आणि तुमचा गुडघा त्यांच्या गुडघ्यासमोर, म्हणजे तो मुडपला तरी अडेल. सुरुवातीला पाच वेळा, दिवसातून तीनदा. मोठ्याने अंक मोजायला लावा. श्वास रोखला की रक्तदाब उसळतो, मोजताना तो रोखता येत नाही. दहा वेळा सहज जमलं की सतरंजीची एक घडी कमी करा.

सकाळी बसल्या जागी रक्तदाब १८०/११० च्या वर दिसला तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, नव्याने हात-पाय गळणं दिसलं तर वाट बघू नका, लगेच १०८.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, डाउन सिंड्रोम आहे. शाळेत पी.टी.च्या तासाला तिला बाजूला बसवतात. आम्ही आग्रह धरावा का? (ठाणे)

धरावा, पण शाळेला नेमकं काय टाळायचं तेही लिहून द्या. नुसतं 'खेळू द्या' म्हटलं की सर घाबरतात आणि मुलगी पुन्हा कट्ट्यावर.

या मुलांचे स्नायू मऊ आणि सांधे सैल असतात. काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधलं बंधन ढिलं असतं. म्हणून कोलांट्या, शीर्षासन, ट्रॅम्पोलिनवर उड्या आणि डोक्यावर भार येणारं काहीही नको. सूर्यनमस्कार चालतील, मात्र मान मागे पुढे झटक्याने टाकायची नाही. मान दुखणं, मान एका बाजूला धरणं, चाल अचानक बदलणं, पायरीवर अडखळणं, आधी कपडे ओले न करणाऱ्या मुलीने करायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर खेळ थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, तेव्हा एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर करून घ्या आणि अहवालाची प्रत शाळेत द्या.

शिकवताना तोंडी लांब सूचना कामाच्या नाहीत. सरांनी आधी स्वतः करून दाखवावं, मग एका वेळी एकच गोष्ट. जमिनीवर खडूने पावलं काढली तर लंगडी लवकर येते. सुरुवातीला दोन्ही पाय, मग भिंतीला हात लावून एक पाय.

वर्गात कुणी व्हीलचेअरवरचं मूल असेल तर सगळ्यांना मिळून बोचा खेळवता येतो. पांढरा चेंडू आधी टाकायचा आणि आपले चेंडू त्याच्या जवळ न्यायचे, एका बाजूचे सहा लाल, दुसऱ्या बाजूचे सहा निळे. पॅरालिम्पिकमधला चेंडू सुमारे २७५ ग्रॅमचा असतो. घरी जाड मोज्यात तितकी ज्वारी भरून, तोंड शिवून घेतलं की झालं. तो घरंगळत लांब जात नाही, त्यामुळे हात न वळणाऱ्या मुलालाही नेम साधतो. फेकता येत नसेल तर पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ करा, मुलाने फक्त चेंडू सोडायचा.

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे, कॉलेजात शिकतो. पळायची इच्छा आहे, सोबत्याला कसं सांगू? (नाशिक)

दोघांच्या हातात एका छोट्या दोरीची टोकं असू द्या. सोबत्याने बाजूने पळायचं, ओढायचं नाही आणि पुढे जायचं नाही. हात एका लयीत हलले की निम्मं काम झालं. सूचना आधीच ठरवा : 'तीन, दोन, एक, डावीकडे', 'खडबडीत', 'पायरी वर'. 'सांभाळ' हा शब्द बाद. काय सांभाळायचं ते त्यातून कळत नाही. पहिले दोन आठवडे नुसतं भरभर चाला.

सोबती नसेल त्या दिवशी मैदानात दोन खांबांमध्ये ३० मीटर दोरी कमरेच्या उंचीवर ताणून बांधा. तीत आधीच पाइपचा छोटा तुकडा ओवून ठेवा, तो हातात धरून पळा. दोन्ही टोकांच्या चार मीटर आधी जाड गाठ मारा, पाइप अडला की थांबायचं. काचबिंदू असेल किंवा पडदा सरकलेला असेल तर उड्या, जड वजनं आणि डोकं खाली जाणारी आसनं नेत्रतज्ज्ञांना विचारूनच. आणि पळण्यावरच अडून बसू नका. दादरच्या शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दिव्यांग मुलांना मल्लखांब शिकवला आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रश्न : आईचे गुडघे झिजले आहेत, खाली बसता येत नाही. योगवर्ग सगळे सतरंजीवर. (कोल्हापूर)

खुर्ची घेऊन जायला सांगा आणि शिक्षकांना आधी कळवा. घरी : पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून दहा सेकंद, दहा वेळा, दोन्ही पायांना. व्यायामानंतर थोडं दुखलं तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर वेळा निम्म्या करा, व्यायाम बंद करू नका. काठी घ्यायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, मूठ मनगटाच्या घडीइतकी उंच. खालचं रबर झिजलं की लगेच बदला.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं जिम सर्वांना वापरता यावं असं ठरलं आहे. तीन पायऱ्यांवर रॅम्प केला, पण व्हीलचेअरवरचे एक रहिवासी एकटे चढू शकत नाहीत. काय चुकलं? (पिंपरी-चिंचवड)

रॅम्पची लांबी मोजा. तीन पायऱ्या म्हणजे अंदाजे दीड फूट उंची. दर एक फुटाला बारा फूट या हिशेबाने अठरा फूट रॅम्प हवा. जागा कमी म्हणून बहुतेक ठिकाणी सहा फुटांत उरकतात. तो स्कूटर चढवायला ठीक, माणसाला नाही : खुर्ची मागे उलटते. सलग अठरा फूट जागा नसेल तर नऊ फुटांवर पाच फुटांचा सपाट टप्पा देऊन वळवा. वर दारासमोरही तसाच टप्पा लागतो, नाहीतर उतारावर खुर्ची धरून दार कसं उघडणार? कडेला तीन-चार इंचांची कड, दोन्ही बाजूंना कठडा, आणि पृष्ठभाग खरखरीत. चकचकीत फरशी पावसाळ्यात जीवघेणी.

दार उघडल्यावर ९० सेंटिमीटर मोकळी जागा मिळावी. आत खुर्ची वळायला पाच फुटांचा गोल रिकामा ठेवा आणि निदान एका यंत्राशेजारी तीन बाय चार फूट जागा. नवीन यंत्र घ्यायचंच असेल तर बाक काढून ठेवता येणारं केबलचं घ्या. खुर्ची थेट आत जाते, उभ्याने करणाऱ्यालाही तेच चालतं. डंबेल कमरेच्या उंचीवर ठेवा, ते फुकटात होतं. आणि स्वच्छतागृह विसरू नका. दार बाहेर उघडणारं, आत आडवा दांडा. ते नसेल तर लोक पाणी न पिता येतात, किंवा येतच नाहीत.

मोटारसायकली अडवायला बागेच्या फाटकात जो नागमोडी लोखंडी अडसर लावतात, तो तुमच्या आवारात असेल तर काढा. तिथे व्हीलचेअर हमखास अडकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात क्रीडा आणि मनोरंजनासाठी स्वतंत्र कलमं आहेत. महापालिकेच्या बागेबद्दल तक्रार असेल आणि दाद मिळत नसेल तर पुण्याच्या राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तालयात लेखी द्या, सोबत मोजमापं आणि फोटो जोडा.

नवीन रॅम्प ओतण्याआधी जागेवर प्लायवुडच्या फळ्या त्याच उताराने मांडा आणि त्या रहिवाशांना चढून-उतरून बघायला सांगा. कठडा कुठे हवा, हेही तेच दाखवतील.