आधी कागदावर

चिरंजीवास मावशीचे अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी तू फ्लॅटच्या दुरुस्तीची तीन कोटेशनं माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरलीस आणि विचारलंस, "मावशी, यातलं कुठलं घेऊ आणि कुठे कापू?" सहा लाख चाळीस, आठ लाख दहा आणि अकरा. मी तेव्हा काही बोलले नाही, चहा टाकला. पण तू गेल्यावर रात्री डोळ्याला डोळा लागेना. तुझ्यासारखे चेहरे मी खूप पाहिलेत. कर्जाचा हप्ता सुरू झालेला, राहत्या जागेचं भाडं चालू, आणि घेतलेला फ्लॅट डोंबिवलीतल्या १९८८ सालच्या इमारतीत, न्हाणीघराच्या भिंतीला ओल. ठाण्यात एका कंत्राटदाराच्या ऑफिसात मी ३१ वर्षं बिलिंगला होते. असे चेहरे माझ्या टेबलासमोर बसायचे. त्यांना तेव्हा जे सांगायला हवं होतं ते तुला सांगते.

कोटेशनवर तू कापून कापून काय कापणार? जे लिहिलंय तेच ना? पैसे जातात न लिहिलेल्यात.

सहा लाख चाळीसवालं पुन्हा काढ. चौथी ओळ वाच: "टाइल, बेसिक रेट ५० रुपये." म्हणजे चौरस फुटाला पन्नासची टाइल धरून त्याने हिशेब केलाय. तुम्ही दोघं दुकानात जाल, नव्वदची पसंत कराल, वरचे चाळीस तुमच्या खिशातून. शिवाय काप-तूट म्हणून आठ-दहा टक्के माल जादा घ्यावा लागतो, तोही नव्वदच्याच भावाने. सातवी ओळ: "इलेक्ट्रिकल, २८ पॉइंट." तू गेल्यावर मी तुझ्या घराचा नकाशा आठवून बोटांवर मोजलं. दिवे, पंखे, गीझर, दोन एसी, मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशिन, पलंगाच्या दोन्ही बाजूंचे चार्जिंग, राउटर, बेल. ४६ झाले. उरलेले अठरा कुठे गेले? ते भिंत फोडली की उगवतात. आणि शेवटची ओळ: "डेब्रिज अ‍ॅक्च्युअलप्रमाणे." म्हणजे फोडलेला राडारोडा जेवढा निघेल तेवढे पैसे. तुझा मजला तिसरा, लिफ्ट नाही. गोणी गोणी खाली उतरणार आणि गोणीगणिक तुला पैसे लागणार. हे कोटेशन अपुरं आहे, आणि अपुऱ्याला लोक स्वस्त समजतात. अकरा लाखवाल्याने निदान घर मोजलंय तरी. त्याच्या कागदावरून पूर्ण घराचं फॉल्स सीलिंग आणि टीव्हीमागचं पॅनेलिंग खोडलंस तर तो कुठे येऊन उभा राहतो ते बघ.

म्हणून म्हणते, आधी कागदावर. कागदावरची भिंत खोडरबराने पडते, घरातली पैशाने. हे वाक्य माझ्या मुलाला पाठ आहे आणि त्याला त्याचा राग येतो, तरी तुलाही सांगते.

आमच्या धंद्यात "एक्स्ट्रा आयटम" म्हणून एक प्रकार असतो. करारात नसलेलं प्रत्येक काम त्यात जातं. कराराचा भाव स्पर्धेत ठरतो, तिथे कंत्राटदाराला फारसं काही सुटत नाही. एक्स्ट्राचा भाव घर उघडं पडलेलं असताना ठरतो. तेव्हा तू घासाघीस करू शकत नाहीस, कारण न्हाणीघर फोडलेलं असतं आणि अंघोळीला शेजारी जावं लागत असतं. आणि हा एक्स्ट्रा घरात येतो तो एकाच वाक्याने: "आता काढलंच आहे, तर हेही करून घेऊ." काढलंच आहे तर खिडकी थोडी मोठी करू. काढलंच आहे तर बेसिन तिकडे नेऊ. एक निवृत्त शिक्षक होते. करार तीन लाख वीस हजारांचा. काम संपल्यावर मी बिल केलं, एक्स्ट्रा आयटम नंबर १ ते २३, एक लाख बेचाळीस हजार. एकही आयटम खोटा नव्हता, सगळे त्यांनीच तोंडी सांगितलेले. त्यांनी प्रत्येक ओळीखाली बोट ठेवत बिल वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि एक शब्द न बोलता चेक लिहिला. त्या बिलावर माझं अक्षर होतं. पहिल्या दिवशी कोणी त्यांच्यासोबत तासभर कागद घेऊन बसलं असतं तर त्या २३ पैकी पंधरा तरी आयटम करारात, कराराच्या भावाने आले असते, आणि काही त्यांनी स्वतःच खोडले असते. मी बसू शकले असते. ते माझं काम नाही असं तेव्हा मला वाटायचं.

आणि एवढं सगळं बघून मी स्वतःच्या घरी काय केलं? १९९९ साली न्हाणीघर दुरुस्तीला काढलं. मुलाची मुंज तोंडावर होती. टाइल लागल्यावर यांना वाटलं, बेसिन पॅसेजमध्ये असलेलं बरं. मी हो म्हटलं. नव्या टाइला फोडून पाइप वळवला, खालचं वॉटरप्रूफिंग तिथे दुखावलं, आणि पाहुणे येणार म्हणून पाण्याची चाचणीही सोडून दिली. दिवाळीपर्यंत खालच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताला पिवळा डाग. पुन्हा फोडलं. तोवर त्या बॅचची टाइल बाजारातून गेली होती. आजही आमच्या दारामागे तीन टाइला वेगळ्या छटेच्या आहेत, तू बघितल्या असशील. पैशाचं काय, ते फिटले. काकू मात्र दोन वर्षं जिन्यात माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि चूक त्यांची नव्हती.

तेव्हा आता नीट ऐक. तुझे पैसे भिंतीच्या आत जाऊ दे. १९८८ च्या घरात भिंतीत लोखंडी जीआय पाइप असणार, आतून गंजून निम्मे झालेले. ते सगळे काढ, सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणारे प्लास्टिकचे, टाक. वायरिंग त्या काळच्या एका फ्रिजच्या आणि चार पंख्यांच्या हिशेबाचं आहे. एसीला चार एमएमची वेगळी लाइन, गीझरला वेगळी, अर्थिंग तपासून घे, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय बोर्ड बंद करू देऊ नकोस. न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जाळीचं भोक, बंद करून दोन-तीन इंच पाणी भर, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मार आणि ४८ तास कोणाला आत जाऊ देऊ नकोस. खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव, दोन दिवसांनी त्यांच्याच घरात जाऊन छत बघ. मिस्त्री म्हणेल, "काही होत नाही, आपण पन्नास घरं केलीत." त्याला पन्नास घरं असतील, तुला एकच आहे.

बाहेर दिसणाऱ्यात हात आखड. हॉलमधली मोझॅक फरशी फोडायचं तुझ्या डोक्यात कोणी घातलं? कडक आहे ती, कुठे पोकळ वाजत नाही, मी टाचेने ठोकून पाहिलं. मशीनने घासून पॉलिश केली की उजळेल. फोडणं, डेब्रिज, भराव, नवी टाइल, एका झटक्यात चार ओळी गेल्या. चौकटी सागवानी आहेत, वरचा ऑइलपेंट खरवडून काढ, तसलं लाकूड आता परवडणार नाही. ओट्याखाली कडप्प्याचे खण तसेच ठेव आणि त्यांना शटर लाव. ट्रॉल्या हव्यातच तर दोन, भांड्यांच्या आणि डब्यांच्या. ओल येते तिथे प्लाय ७१० नंबरचाच, कोरड्या कपाटाला ३०३ चालतो, आणि हे कोटेशनमध्ये लिहून घे, नुसतं "चांगला प्लाय" नको. न्हाणीघर, संडास, ओटा यांच्या जागा हलवायच्या नाहीत. कॉलम-बीमला हात लावायचा नाही. सोसायटीला पत्र देऊन परवानगी घे, यावर मी वाद घालणार नाही.

आणि शंभरातले दहा बाजूला ठेव. जुनं घर फोडल्यावर स्लॅबची सळई गंजलेली निघते, ते कुठल्याही कागदावर आधी दिसत नाही. हे दहा त्यासाठी आहेत, झुंबरासाठी नाहीत.

घाईचं बोलू. "दिवाळीच्या आत राहायला जायचंय," म्हणालास. सगळ्या डोंबिवलीला दिवाळीच्या आत जायचं असतं रे! त्या दोन महिन्यांत सुतार चार घरं एकदम पकडतो आणि तुझ्याकडे आठवड्यातून दोनदा येतो. पावसात पुट्टी वाळत नाही, रंगाला फुगे धरतात. मग दिवाळी-छठला निम्मे कारागीर गावी. पावसाळा कागदाला दे. तुळशीचं लग्न लागल्यावर हातोडा घाल, होळीला माणसं गावी जायच्या आत संपव. चार-पाच महिने भाडं जास्त जाईल, मला माहीत आहे, माझ्याही मुलाने हाच हिशेब तोंडावर फेकला होता. त्याचं काम मी चार महिने सुरू होऊ दिलं नाही. प्रत्येक स्विच कागदावर येईपर्यंत नाही म्हणजे नाही. सूनबाई माझ्याशी तुटक बोलायला लागली. "आई, चार महिन्यांचं भाडं पाण्यात गेलं," असं तो अजून म्हणतो. त्याच्या अख्ख्या कामात एक्स्ट्रा निघाला ११,४०० रुपये. ३१ वर्षांत मी एवढं छोटं एक्स्ट्राचं बिल पाहिलं नव्हतं. तो म्हणतो, मी घर बांधू दिलं नाही, ऑफिस चालवलं. म्हणू दे. त्याच्या खालच्या मजल्यावरचं छत कोरडं आहे. मी पुन्हा तसंच करीन.

तुझ्यावर मी जबरदस्ती करू शकत नाही, तू परक्याचा मुलगा. पण लहानपणी माझ्या ओट्यावर बसून गूळपोळी खाल्लीस, तेवढ्या हक्काने सांगते: अ‍ॅडव्हान्स अजून कोणालाही देऊ नकोस. एकच यादी आपण करू, तीच तिघांना देऊ, त्याच यादीवर भाव मागू. मग तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतील, आज येत नाहीत. पैसे कामाच्या टप्प्याने द्यायचे, आणि शेवटचा दहावा हिस्सा एक पावसाळा निघेपर्यंत आपल्याकडे, हे आधीच लिहून घ्यायचं. जो या अटीला नाही म्हणेल त्याला नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी सहाला फ्लॅटवर भेटू, पाणी येतं तेव्हाच. वरच्या टाकीतून नळाला किती जोर आहे ते मला बघायचंय. पाच मीटरचा टेप माझ्याकडे आहे. तू आलेखाची वही, दोन पेन्सिली आणि खोडरबर आण, पेन नको. बायकोलाही घेऊन ये. तुमच्यात स्वयंपाकाला जास्त वेळ जो उभा राहतो, त्याच्या कोपरापासून चार बोटं खाली ओट्याची उंची धरू.

तुझी,
मावशी