नाक ठीक आहे, तरी आरसा सुटत नाही

प्रश्न: ताई, माझा १९ वर्षांचा मुलगा नाक वाकडं आहे म्हणून तासन्‌तास आरशासमोर असतो, कॉलेज सोडलं, आता सर्जरी हवी म्हणतो. आम्हाला तर नाक ठीकच दिसतं!

उत्तर: हे नखरे नाहीत हो, याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, म्हणजे इतरांना न दिसणारं व्यंग स्वतःला सतत छळत राहतं. ओसीडीच्या (तेच ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या) जवळचा आजार आहे. सर्जरीची घाई अजिबात नको, बहुतेकांना त्याने समाधान मिळत नाही आणि कधीकधी चिंता दुसऱ्याच अवयवावर जाऊन बसते. सायकियाट्रिस्टकडे न्या, सीबीटी थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत) आणि एसएसआरआय गोळ्यांनी (नैराश्य-चिंतेवरही देतात त्या) खरंच फरक पडतो, फक्त गोळ्यांना १२ आठवडे तरी द्या. आणि 'नाक छान आहे रे' असं शंभरदा सांगू नका, तेवढ्यापुरतं बरं वाटतं मग परत तेच, त्यापेक्षा 'तुला किती त्रास होतोय ते दिसतंय मला' म्हणा. जगणं नको झालंय असं बोलला तर लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, त्याला एकटं सोडू नका.