दहावा

‘मेळाव्याला चल म्हटलं की याचं डोकं दुखतं. आमच्यात आता मुली उरल्यात तरी किती, मॅडम?’ पणजीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य सारस्वत आयांनी म्हटलंय, दैवज्ञ वडिलांनीही. या खेपेला म्हणणारी आई बेने इस्रायल होती. मूळची अलिबागकडची, घरात मराठीच. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून कोकणाने ज्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं, ते हे ज्यू. १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले, म्हणजे तिची धास्ती काही हवेतली नव्हती.

मुलगा सत्तावीसचा, नोकरी वेर्ण्याला. समाजातले तरुण शनिवार-रविवारी जमतात ते ठाण्याकडे. शब्बाथ, म्हणजे प्रवासही वर्ज्य असलेला त्यांचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, तेव्हा गुरुवारी मडगावहून रात्रीची कोकणकन्या आणि शुक्रवारची रजा.

‘रजेचं सोडा. पाऊल टाकलं की पगार किती, घर भाड्याचं का! बैलबाजारात उभं केल्यासारखं वाटतं.’

‘मग नुसते मित्र जोडायला जा,’ मी म्हटलं. फुकटचा सल्ला. त्यात दोन भेटी वाया गेल्या.

चौथ्या भेटीत विचारलं, ‘तिथे एकदाही बरं वाटलं नाही?’

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘एकदा मी दहावा होतो.’

मी दचकले. माझ्या कानांना दहावा म्हणजे पिंड आणि कावळे. तो पहिल्यांदाच मोकळा हसला. सामुदायिक प्रार्थनेला त्यांच्यात दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिनियान म्हणतात. एका शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये नऊच जण होते. हा जांभया देत शिरला, तर एक आजोबा म्हणाले, ‘आला रे आला, करा सुरू.’

‘पगार विचारला?’

‘छे.’

‘मग काय केलं तुझं?’

‘मोजलं,’ तो म्हणाला आणि डोळे पुसू लागला.

इतक्या वर्षांच्या कामात असे शब्द मोजकेच मिळाले. माणसाच्या आत काय बिघडलंय ते शोधण्याआधी त्याला जागा कुठे आहे ते मी बघते. काही सहकारी यावर नाक मुरडतात, मुरडोत. त्याला जोखलं जाणं नको होतं, धरलं जाणं हवं होतं. आणि धरलं जायला हातात काम लागतं. म्हणून मी मुलांना सांगते, जायच्या आधी फोन करून एखादं काम मागून घ्या. लोक पाहुण्याला न्याहाळतात; वाढणाऱ्याकडे फक्त ताट पुढे करतात. आयांना सांगते, रविवारी ‘कोणी भेटलं का?’ विचारू नका, जेवायला काय होतं ते विचारा. स्थळ यायचं तर त्या पंगतीतूनही येईल, न आलं तरी मुलगा परत जाईल.

त्याने किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या पेल्यासाठी, मनुकांचं शरबत करायचं अंगावर घेतलं. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, गाळायच्या. पहिल्या खेपेला पातळ झालं म्हणे.

आईने ‘कोणी भेटलं का?’ विचारलंच. पण बुधवारपर्यंत कळ काढली.