पुण्यातला फ्लॅट ठेवून रेडिंगला घर: जादा २२,५०० पौंड भरावेत का?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको २०१९पासून रेडिंगला भाड्याच्या घरात राहतो. आता इथेच साडेचार लाख पौंडांचं घर बघितलंय. बाणेरला माझ्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे. २०१४ मध्ये ५६ लाखांना घेतला, आज ९६ लाख येतील. कर्ज फिटलंय आणि महिना २६ हजार भाडं येतं. पुढेमागे परत जायचं झालं तर असावा म्हणून ठेवलाय. सॉलिसिटर म्हणतात, त्या फ्लॅटमुळे २२,५०० पौंड जास्त कर लागेल. इंग्लंडमधलं तर हे आमचं पहिलंच घर! फ्लॅट बायकोच्या किंवा भावाच्या नावावर केला तर सुटेल का? की आत्ता भरावा आणि फ्लॅट विकल्यावर परत मागावा?

उत्तर: सॉलिसिटर बरोबर सांगतायत. घर इंग्लंडमधलं पहिलं आहे का, हा प्रश्न कायदा विचारतच नाही. खरेदीच्या दिवसअखेर तुमच्याकडे जगात कुठेही दुसरं राहतं घर आहे का आणि त्यातल्या तुमच्या हिश्श्याची बाजारकिंमत ४०,००० पौंड किंवा जास्त आहे का, एवढंच बघितलं जातं. पौंड १२० रुपये धरला तर ही मर्यादा ४८ लाखांवर येते. तुमचा फ्लॅट ८०,००० पौंडांचा. त्यावर कर्ज असतं तरी ते या किमतीतून वजा झालं नसतं.

स्टॅम्प ड्यूटीवरचा हा जादा कर, म्हणजे अधिभार, ३१ ऑक्टोबर २०२४पासून ३ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, आणि तो पहिल्या पौंडापासून पूर्ण किमतीवर बसतो. साडेचार लाखांच्या घरावर नेहमीची स्टॅम्प ड्यूटी अशी: पहिल्या सव्वा लाखावर काही नाही, पुढच्या सव्वा लाखावर २ टक्के म्हणजे २,५००, उरलेल्या दोन लाखांवर ५ टक्के म्हणजे १०,०००. एकूण १२,५००. अधिभारासह ३५,०००. (स्कॉटलंडचा कर वेगळा आहे, तिथे हाच अधिभार ८ टक्के आहे. त्या मानाने रेडिंग बरं म्हणायचं.)

परताव्याच्या भरवशावर राहू नका

तुमच्या तिन्ही प्रश्नांत हा सगळ्यात महाग पडू शकतो. ‘तीन वर्षांत जुनं घर विकलं की अधिभार परत मिळतो’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यातली अट मात्र गळलेली असते. विकलेलं घर हे नव्या घराच्या खरेदीआधीच्या तीन वर्षांत कधीतरी तुमचं मुख्य राहतं घर असायला हवं. तुम्ही बाणेर सोडून तीन वर्षं केव्हाच उलटली. त्यामुळे रेडिंगचं घर आधी आणि फ्लॅटची विक्री नंतर असा क्रम झाला, तर एक पेनीसुद्धा परत येणार नाही. सध्याचं भाड्याचं घर सोडणं हे ‘मुख्य घर बदललं’ यात बसत नाही, कारण तिथे विकण्यासारखं तुमचं काही नाही.

नावं बदलून काय होतं

बायकोच्या नावावर केल्याने काहीच होत नाही. एकत्र राहणारे नवरा-बायको या अधिभारासाठी एकच खरेदीदार धरतात, मग फ्लॅट कोणाच्याही नावावर असो आणि रेडिंगचं घर एकट्या कोणीही घेवो. अल्पवयीन मुलाच्या नावावर केला तरी तो आईवडिलांकडेच मोजला जातो.

भावाला खरोखर दिला तर फ्लॅट मोजणीतून जातो. पण महाराष्ट्रात २०० रुपयांत होणारं बक्षीसपत्र नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांच्यासाठी आहे, भाऊ त्यात येत नाही. त्याला ३ टक्के मुद्रांक शुल्क, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी. शिवाय ब्रिटनमध्ये भावाला दिलेली भेट ही बाजारभावाने केलेली विक्री समजतात. म्हणजे हातात रुपया न येता भांडवली नफ्यावर कर भरायचा. आणि कागद भावाचा, भाडं मात्र तुमच्या खात्यात, असं करणार असाल तर मालकी तुमचीच राहिली. स्टॅम्प ड्यूटीच्या विवरणपत्रावर खोटी सही होईल ती तुमची, आणि भारतात बेनामी कायद्याचं लचांड मागे लागेल ते दोघांच्याही.

आता फ्लॅटचा हिशेब

बहुतेक जण २२,५०० ची तुलना साडेचार लाखांशी करतात आणि ‘पाच टक्केच ना’ म्हणून सोडून देतात. हा पैसा तुम्ही बाणेरचा फ्लॅट हातात ठेवण्यासाठी मोजताय, तेव्हा तो ८०,००० पौंडांच्या समोर ठेवा. फ्लॅटच्या किमतीच्या २८ टक्के होतात.

भाडं वर्षाला ३.१२ लाख. सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, किरकोळ दुरुस्त्या यांचे ६० हजार धरले तर उरतात २.५२ लाख, म्हणजे २,१०० पौंड. तुम्ही ब्रिटनच्या प्राप्तिकरात ४० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर दोन्ही देशांचा मिळून ८४० पौंड कर जाऊन हाती १,२६०. अधिभाराची रक्कम भाड्यातून भरून यायला जवळजवळ अठरा वर्षं लागतील. किंमत वाढतेय हे खरं, पण २०१४ मध्ये पौंड साधारण १०० रुपयांना होता. वाढ रुपयांत वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास दिसते, पौंडांत तीन-सव्वातीन.

विकलात तर? नफा ४० लाख. भारतात त्यावर १२.५ टक्के आणि ४ टक्के सेस मिळून ५.२ लाख, म्हणजे ४,३३० पौंड. इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीकिंमत वाढवून धरणं) घेऊन २० टक्क्यांचा पर्याय फक्त निवासी भारतीयांना आहे. ब्रिटन नफा पौंडांत मोजतं: खरेदी त्या दिवसाच्या दराने, विक्री आजच्या दराने. ८०,००० मधून ५६,००० वजा जाता नफा २४,००० च राहतो. ३,००० ची सूट काढून २४ टक्क्यांनी कर ५,०४०, त्यातून भारतात भरलेला वजा. ब्रिटनमध्ये वर भरायचे उरतात फार तर ७१० पौंड. हा कर कधी विकलात तरी लागणारच होता.

‘परत जायचं झालं तर’ हेही आकड्यात मांडू. आजच्या भावाने पुण्यात पुन्हा तसाच फ्लॅट घेतलात तर ७ टक्के मुद्रांक शुल्क ६.७२ लाख, म्हणजे ५,६०० पौंड. नफ्यावरचा कर, नवं शुल्क आणि दोन्ही वेळची दलाली धरूनही बेरीज १४ हजार पौंडांच्या आत राहते. म्हणून माझा कौल विकण्याकडे आहे. दोन-तीन वर्षांत परतायचं नक्की असेल तर मात्र फ्लॅट ठेवा आणि रेडिंगचंच घर घेऊ नका.

विकायचं तर क्रम असा

रेडिंगचं कंप्लीशन (पूर्ण पैसे देऊन घर ताब्यात येणं) होण्यापूर्वी, फार तर त्याच दिवशी, बाणेरचं खरेदीखत नोंदवून ताबा गेलेला हवा. टोकन किंवा साठेखत पुरत नाही. त्यामुळे फ्लॅटला पक्कं गिऱ्हाईक मिळेपर्यंत रेडिंगच्या घराचं एक्स्चेंज (दोघांना बांधणारा करार) करू नका. एक्स्चेंजनंतर मागे फिरलात तर सहसा दहा टक्के डिपॉझिट जातं. एक्स्चेंज आणि कंप्लीशन यांच्यात लांब मुदत ठेवायला सॉलिसिटरला आत्ताच सांगा. कंप्लीशनआधी चावी घेऊन राहायला गेलात तर करासाठी तीच तारीख धरतात, हेही लक्षात असू द्या.

पुण्यात तीन ठिकाणी घोडं अडतं. पहिलं मुखत्यारपत्र: ते ब्रिटनमध्ये साक्षांकित करून पाठवल्यावर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा. दुसरं टीडीएस, आणि खरी अडचण इथेच. तुम्ही अनिवासी असल्याने निवासी विक्रेत्यासाठीचा ‘एक टक्का’ लागू होत नाही. कमी टीडीएसचं प्रमाणपत्र नसेल तर खरेदीदार नफ्यावर न कापता पूर्ण ९६ लाखांवर कापतो, सरचार्ज-सेससह पावणेचौदा लाख. जास्तीचे साडेआठ लाख रिटर्न भरून परत येईपर्यंत अडकतात, आणि नेमके तेच पैसे तुम्हाला रेडिंगच्या डिपॉझिटला हवे असतात. सौदा ठरला की त्याच आठवड्यात सीएकडून अर्ज करा. तिसरं, पैसे एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या) खात्यात येतात. तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, पण बँक सीएचं प्रमाणपत्र मागते.

आजवरचं भाडं तुम्ही ब्रिटनच्या सेल्फ असेसमेंटमध्ये (तिथल्या वार्षिक कर विवरणपत्रात) दाखवलं नसेल, तर विक्रीआधी एचएमआरसीच्या (ब्रिटनच्या करखात्याच्या) वर्ल्डवाइड डिस्क्लोजर फॅसिलिटीतून, म्हणजे परदेशी उत्पन्न आपणहून उघड करायच्या सोयीतून, ते मिटवा. विक्रीचा नफा दाखवलात की भाड्याचा प्रश्न येणारच.

बायको एकटीच घेते तर?

फ्लॅट गेल्यावर हा पर्याय उघडतो, आधी नाही. तुम्ही एकदा घराचे मालक झालात, त्यामुळे प्रथम खरेदीदाराची सवलत तुम्हाला कायमची बंद. त्यांनी मात्र कुठेही घर घेतलेलं नसेल आणि माहेरच्या घरातला वारसा हिस्साही त्यांच्याकडे आलेला नसेल (इथे ४०,००० ची मर्यादा नाही, छोटा हिस्साही चालत नाही), तर ५ लाख पौंडांपर्यंतच्या घराला ती सवलत मिळते: तीन लाखांपर्यंत शून्य, पुढे ५ टक्के. १२,५०० ऐवजी ७,५००.

त्या ५,००० साठी घर पूर्णपणे त्यांच्या मालकीचं असावं लागेल. तुमचा पैसा त्यात खरी भेट म्हणून गेला पाहिजे. आतून हिश्श्याचा करार केलात तर तुम्हीही खरेदीदार ठरता. दोघांचा पगार धरून एकाच्याच मालकीवर कर्ज देणाऱ्या संस्था आहेत, पण मोजक्या. त्यांचा व्याजदर पाव टक्का जरी जास्त निघाला, तरी साडेतीन लाखांच्या कर्जावर वर्षाला ८७५ पौंड जातात आणि सहा वर्षांत ही बचत संपते. दर हातात आल्यावरच हे ठरवा. फ्लॅटची जाहिरात मात्र या आठवड्यात द्या.